आज रात्री काय भिजवायचं? जेवणाच्या बेताचं फीचर रचताना

आमच्या ॲपमधला जेवणाच्या बेताचा पहिला तक्ता मी ऑफिसात टेबलाशी बसून काढला होता. आडवे सात वार, उभी चार जेवणं, एकूण २८ चौकटी. दिसायला देखणा. रविवारी संध्याकाळी तो फोनवर टाकून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तीन चौकटी भरल्या आणि फोन परत केला. "अगं, गुरुवारी ठेल्यावर कुठली भाजी येणार ते मला आज कसं कळणार? आज रात्री काय भिजवायचं तेवढं विचार की."

मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, सासू-सासरे, धाकटा दीर आणि अकरा वर्षांची मुलगी. पोटासाठी प्रॉडक्ट डिझायनिंग करते, आहाराची नोंद ठेवणाऱ्या एका छोट्या ॲपवर. तुम्ही असलंच फीचर करायला घेतलं असेल तर आमच्या चुका वाचून घ्या आणि तुमच्या नव्या करा.

आधी ओट्याशी जाऊन बसा

प्रश्नावली पाठवू नका. "आठवड्यातून किती वेळा पालेभाजी खाता?" असं विचारलं की माणसं शाळेत बाईंना द्यावं तसं उत्तर देतात. त्यापेक्षा संध्याकाळी साडेपाचला ओळखीच्या घरी जा, चहा घ्या आणि तीनच गोष्टी विचारा: काल काय करायचं ठरलं होतं, काय झालं, आणि मध्ये काय घडलं. मी सात घरं केली, चार मराठी आणि तीन हिंदी-माळवी. वहीत तीन रकाने. तिसरा रकानाच सगळ्यात भरला: "ठेल्यावर मेथी ताजी होती", "नणंद येऊन गेली", "वरण उरलं होतं", "आज चतुर्थी निघाली".

सातही घरांत बेत तीन वेळांना ठरत होता. रात्री जेवणं उरकल्यावर, कारण भिजवायचं आणि विरजण लावायचं तेव्हाच. सकाळी ठेला दारात आला की भाजी ठरते. आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, कोण जेवायला आहे आणि सकाळचं काय उरलंय ते बघून. आठवड्याचं म्हणून ठरतं ते फक्त किराणा आणि उपवास.

त्यामुळे सात वारांचा तक्ता पहिल्या स्क्रीनवरून काढून टाका. तिथे तीन कार्डं ठेवा: आज रात्री, उद्या सकाळी, उद्या संध्याकाळी. ज्याला तक्ता आवडतो त्याला तो आत सापडू दे.

"आज रात्री"चं कार्ड चालायचं तर प्रत्येक पदार्थाला "आधीची तयारी" हा रकाना हवा, तासांसकट. छोले-राजमा सोपे, रात्री भिजवले की सकाळी शिजवले. मटकी बघा. बुधवारी दुपारी उसळ हवी तर मंगळवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, मग बुधवारी मोड दिसतात. हे उन्हाळ्याचं झालं. डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या थंडीत रात्रभर बांधून ठेवली तरी मटकी तशीच डोळे मिटून बसलेली असते, म्हणून तेव्हा सोमवारी रात्रीच भिजवावी लागते. आमच्या डेव्हलपरने एकच आकडा टाकला होता, चोवीस तास. जानेवारीत तीन घरांतून मोड न आल्याच्या तक्रारी आल्या. आता महिन्याप्रमाणे आकडा बदलतो, आणि "आमच्याकडे जास्त वेळ लागतो" असं एक बटणही आहे.

दुसरी गोष्ट: खणात पदार्थ भरू नका, पदार्थाची जात भरा. "पालेभाजी", "फळभाजी", "उसळ", "आमटी-वरण". मेथी की पालक ते सकाळी ठेला ठरवील. ठरेपर्यंत पोषणाचा आकडा एक न दाखवता पल्ला दाखवा, अमुकपासून तमुकपर्यंत. भाजी निवडली की पल्ला आक्रसून एका आकड्यावर येतो. लोकांना हे लगेच कळतं. डेव्हलपरला समजवायला जास्त वेळ लागला.

पातेल्याचा हिशेब

आता आकड्यांकडे येऊ. भारतीय जिन्नसांसाठी आमचा आधार म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते. ५२८ जिन्नस आहेत आणि ते बहुतेक कच्चे. तुमच्या सासूबाईंची आमटी त्यात नाही, कुणाच्याच नाही. म्हणजे पदार्थ, त्याची कृती, कृतीतले कच्चे जिन्नस, आणि मग तक्ता, अशी साखळी तुम्हालाच बांधायची आहे.

बांधताना एक खड्डा आहे, त्यात आम्ही पडलो. या तक्त्यांत ऊर्जा किलोजूलमध्ये दिलेली आहे. कणकेला १०० ग्रॅममागे १३४० च्या आसपास. आम्ही तो आकडा कॅलरी म्हणून उचलला. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी, ४०२ कॅलरी. सासरे फोन हातात घेऊन म्हणाले, "मग मी दिवसाला सहा पोळ्या खाऊन अजून जिवंत कसा?" किलोजूलची कॅलरी करायला ४.१८४ ने भागा. पोळी ९६ वर येते, तूप वेगळं.

भागाकार झाल्यावर एक गोष्ट दिसली. कणीक १०० ग्रॅमला ३२० कॅलरी आणि ज्वारीचं पीठ ३३४. म्हणजे "भाकरी हलकी" हे कॅलरीपुरतं तरी खरं नाही. भाकरीचे गुण दुसरे आहेत, तिला तूप लावलं नाही तर तेवढं वाचतं, पण ॲपने पोळीच्या जागी भाकरी सुचवून "वजन कमी होईल" असं लिहू नये. आमच्या मार्केटिंगवाल्याने लिहिलं होतं. मी खोडलं.

आता वरणाचं पातेलं घ्या. तूरडाळ १५० ग्रॅम, म्हणजे साधारण ४९७ कॅलरी आणि साडेबत्तीस ग्रॅम प्रोटीन. तूप दहा ग्रॅम, ९० कॅलरी. पातेल्यात एकूण ५८७. शिजून, घोटून, पाणी घालून ते भरलं १२०० ग्रॅम. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आठ वाट्या. एका वाटीला ७३ कॅलरी आणि चार ग्रॅम प्रोटीन. चार! "आमच्याकडे रोज वरण असतं, प्रोटीनची काळजी नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा मी दाखवते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम धरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासच्या आसपास. दोन वाट्या वरणातून आठ आले. बाकीचं पोळी, दही, उसळ, दाणे यांतून जमवायचं, आणि बेताच्या फीचरचं खरं काम इथेच आहे.

आणि ऐनवेळी दोन पाहुणे आले तर? आमटीत दोन वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ वाढतं, डाळ तेवढीच राहते. आठाच्या दहा वाट्या झाल्या, प्रोटीन सव्वातीनवर उतरलं. म्हणून आम्ही वापरणाऱ्याला शिजलेलं वजन विचारणं सोडून दिलं. दोनच प्रश्न ठेवले: कच्ची डाळ किती घातली, आणि शेवटी किती वाट्या झाल्या.

वाटी म्हणजे काय, हेही आधी ठरवून घ्या. आमच्याच घरात तीन मापांच्या वाट्या आहेत, आणि सासऱ्यांची आमटीची वाटी तर जवळजवळ कटोरा. पहिल्या दिवशी एकदाच सांगा: तुमची नेहमीची वाटी पाण्याने भरा, ते पाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, आकडा टाका. काटा नसेल तर औषधाच्या झाकणाने मोजा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं. तेलाचं मात्र कुणी खरं सांगत नाही. "एक चमचा" म्हणतात आणि बुधलीतून धार धरतात. तिथे "महिन्याला घरात किती लिटर तेल येतं?" विचारा, माणसांनी आणि दिवसांनी भागा. आमच्याकडे महिन्याला पाच लिटर येतं. भागल्यावर माणशी दिवसाला २८ मिलीलीटर निघालं. घरात थोडा वेळ शांतता होती.

उरलेल्याचा हिशेब तर आम्ही पहिल्या आवृत्तीत विसरलोच होतो. रात्रीच्या चार पोळ्या उरल्या, सकाळी फोडणीची पोळी झाली. आमच्या ॲपने रात्री सगळ्या पोळ्या खाल्ल्या असं धरलं आणि सकाळी त्याच पुन्हा मोजल्या. आता संध्याकाळच्या कार्डावर "काय उरलं?" हा प्रश्न येतो. चार पोळ्या टाकल्या की त्या रात्रीतून वजा होऊन सकाळच्या खणात जातात, वर फक्त तेल, कांदा, दाणे चढतात. शिळ्या अन्नाला बेतात मानाचं पान द्या. त्याच्याशिवाय आपल्याकडचा नाश्ता होत नाही.

एक पातेलं, सहा ताटं

बाहेरची बरीच ॲपं माणसागणिक वेगळा बेत देतात. आमच्या घरात सहा माणसांचे सहा बेत दिले तर सासूबाई गॅस बंद करून गच्चीवर जाऊन बसतील. बेत घराचा एकच असू द्या. माणसागणिक फक्त वाढण्यातले फरक: सासऱ्यांना भात अर्धा आणि उसळ दीड वाटी, मुलीला दही जास्त, दिराला दोन अंडी वेगळी, तीही वेगळ्या कढईत. हे फरक एकदा लावले की रोज आपोआप लागतात.

सासऱ्यांना मधुमेह आहे, पण त्यांच्या गोळ्यांच्या जोडीने किती भात खायचा ते ॲप ठरवत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण टाकायला जागा ठेवली आहे, ॲप तेवढंच पाळतं. मूत्रपिंडाचा आजार नोंदवला तर ॲप प्रोटीन वाढवायच्या सूचना बंद करतं आणि डॉक्टरांनी दिलेला आहारच भरायला सांगतं. यात हुशारी दाखवायला जाऊ नका.

आता माझ्यावर बेतलेलं. चाचणीच्या आवृत्तीत घरातल्या सगळ्यांना एकमेकांचं कार्ड दिसत होतं, ध्येयासकट. माझ्या कार्डावर "चार किलो कमी" असं होतं. सासूबाईंनी ते वाचलं, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या वरणभातावर तूप नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. मायेनेच केलं, पण मी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल ते सांगायला नको. बेत आणि किराणा सगळ्यांचा, वजन-ध्येय-रक्ताचे आकडे ज्याचे त्याच्यापाशी. आणि तसं ते मुळातच असलं पाहिजे, कुठेतरी सेटिंगमध्ये जाऊन लपवावं लागू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती लागते, तेही आधीच बांधून ठेवा. मुलीच्या कार्डावर आम्ही कॅलरी दाखवतच नाही. डबा संपला की नाही एवढंच.

दोन श्रावण

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण पुण्यात बसून हे फीचर करणाऱ्याला हे सुचणार नाही. आमच्याकडे महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरात पौर्णिमेला. त्यामुळे शेजारच्या भाभींचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्यांचा सावन सोमवार सुरू झाला तेव्हा आमच्या घरी आषाढातली कांदाभजी चालू होती, आणि आमचं ॲप दोन्ही घरांना एकच "श्रावण सुरू" पाठवून मोकळं. उपवासाच्या पर्यायात "मराठी पंचांग" आणि "हिंदी पंचांग" असं पहिल्याच दिवशी विचारा. तपासायला २०२३ चं वर्ष घ्या. त्या वर्षी अधिक श्रावण होता. हिंदी सावन ४ जुलैला लागला, मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक महिना, आणि आमचा निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू. तुमच्या ॲपने ते वर्ष नीट ओलांडलं तर पुढची चिंता नाही.

"उपवास" हा एक शिक्का पुरत नाही. आम्ही साधं मीठ घालतो, भाभींकडे सेंधा नमकच लागतं. आमच्याकडे वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, त्यांच्याकडे कुट्टू आणि शिंगाड्याचं पीठ. कोथिंबीर चालते की नाही यावर तर दोन मराठी घरांतही एकमत नाही. घरागणिक चालणाऱ्या जिन्नसांची यादी ठेवा, खूण करायची किंवा काढायची. आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी आली की संध्याकाळच्या कार्डावर दही किंवा राजगिरा सुचवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्या खिचडीत प्रोटीन येतं ते दाण्यांच्या कुटातून.

संकष्टीचं जेवण चंद्रोदयानंतर, आणि चंद्रोदय गावाप्रमाणे बदलतो. मुंबईची वेळ इंदूरच्या घराला पाठवलीत तर सासूबाई गच्चीवरून खाली येऊन ॲपच काढून टाकतील. तिथी आपण मोजत बसू नये, पंचांगाची तयार माहिती घ्यावी. आणि तरीही "आज उपवास नाही" हे बटण मोठं ठेवावं.

याच्याशीच जोडलेला एक प्रश्न: दिवस कधी संपतो? हिवाळ्यात एका रात्री दीर आणि आम्ही दोघं इंदूरच्या सराफा बाजारात गेलो. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी असते. बारा वीसला गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ले, वर जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेला, आणि दिराने इमानेइतबारे नोंद केली. ॲपने ती दुसऱ्या दिवसात टाकली. दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी सासूबाईंच्या फोनवर: "आज उपवासात न चालणारा पदार्थ नोंदला गेला." तेव्हापासून आमचा दिवस पहाटे चारला बदलतो. पंचांगातलाही दिवस सूर्योदयालाच सुरू होतो, म्हणजे आजोबांनी हे आधीच सोडवून ठेवलं होतं.

बाहेरच्या खाण्याबद्दल एवढंच, की "पोहे" ही एकच नोंद ठेवू नका. घरचे कांदेपोहे, त्यात तेल आणि दाणे. ठेल्यावरचे इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले, वरून शेव. रविवारी जिलबी सोबत येणार हे गृहीत धरा आणि लाल रंग दाखवू नका.

मटकी अर्धा किलो

किराण्याची यादी बेतातून आपोआप बनते, ते काम सोपं आहे, बेरीज आहे. अवघड आहे ती वाचणारा माणूस. मी यादी दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवली आणि फोन आला, "भाभीजी, मटकी तो कुम्हार के यहाँ मिलेगी." हिंदीत मटकी म्हणजे मडकं. त्यांना हवा होता शब्द "मोठ". तेव्हापासून यादी पाठवताना दुकानदाराची भाषा निवडता येते: शेंगदाण्याला मूंगफली, दुधीला लौकी, घोसाळ्याला गिलकी. शब्दकोश यंत्राकडून करून घेऊ नका. दोन घरच्या बायकांना एक दुपार चहा पाजलात तर नव्वद टक्के काम होतं.

मापंही लोक बोलतात तशी ठेवा. पाव किलो, जुडी, दहा रुपयांचा कडीपत्ता. "कोथिंबीर ३७ ग्रॅम" असं लिहून आलं तर ठेलेवाला हसतो, आणि तो मला रोज भेटतो.

मोजायचं काय

किती चौकटी भरल्या ते मोजू नका, आम्ही दोन महिने तेच मोजून खुश होतो. भरणारे कंटाळून भरत होते. रात्रीचं भिजवायचं कार्ड किती घरांत हाताळलं जातं ते बघा, आणि बेत बदलायला किती टॅप लागतात ते बघा. आमच्याकडे पाच लागत होते, आता एक. बदलल्यावर ॲप "बेत हुकला" म्हणत असे. आता "बदललं" एवढंच म्हणतं. आठवणी दिवसाला दोनच. रात्रीची वेळ घराने ठरवायची. आमची साडेनऊ आहे, मालिका संपल्यावर.

फोटोवरून पदार्थ ओळखणं वगैरे पहिल्या आवृत्तीत घेऊ नका. वरण आणि आमटी यांतला फरक फोटोत मलाच कळत नाही.

एक गोष्ट मात्र घ्या: छापायचं बटण. सासूबाई अजूनही ॲप स्वतःहून उघडत नाहीत. दर रविवारी मी एक पान छापून फ्रिजवर लावते, त्या त्यावर पेन्सिलीने खोडतात, बाजूला आपलं लिहितात, आणि मी रात्री ते बघून फोनमध्ये बदलते. पान ए-फोरच ठेवा, अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं, आणि प्रत्येक ओळीखाली खोडून दुसरं लिहायला जागा सोडा.